बोया समजून वाचले

पहिले तीन दिवस पाऊस, पत्ते आणि दादाचं घोरणं. चौथ्या दिवशी सकाळी ऊन पडलं आणि मी पाण्यात उतरले. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढचं वाचून लोक त्या गावाला नावं ठेवतील, आणि गावाचा काही दोष नव्हता.

उघड्या पाण्यात एकटी पोहते म्हणून बोलणी खायची मला सवय आहे. माझं उत्तरही ठरलेलं असतं: "फ्लोट बांधते ना!" फ्लोट म्हणजे हवा भरलेली नारिंगी पिशवी, उशीएवढी. तिचा पट्टा कंबरेला आणि ती मीटरभर दोरीने आपल्या मागून येते. ओढताना जाणवत नाही, पण वारा आडवा असला की भलतीकडे पळायला बघते. बुडताना जीव वाचवायचं ते साधन नाही, फक्त लांबून दिसावं म्हणून आहे, हे मला पाठ होतं. तरी खरं सांगायचं तर मी तो ताईत बांधावा तसा बांधायचे. बांधला की विचार बंद. डोक्यावर टोपी मात्र गडद निळी, कारण तीच केस न ओढता नीट बसते.

किनाऱ्यापासून चारेकशे मीटरवर दमले आणि उताणी झाले. हात पसरलेले, पाय सैल, कान पाण्याखाली. आकाश छान होतं. इंजिनाची घरघर बराच वेळ ऐकू येत होती, पण कुठून ते कळेना. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, पाण्यात सुमारे १५०० मीटर. डावीकडचा आवाज की उजवीकडचा, हे आपण दोन कानांवर तो किती पुढेमागे पोचतो त्यावरून ओळखतो. पाण्याखाली तो फरक इतका कमी होतो की आवाज सगळीकडूनच येतोय असं वाटतं. मी मान उचलून किनाऱ्याकडे पाहिलं, मग डावीकडे. बोट पाठीमागून येत होती.

मला आधी दिसलं ते तिचं पांढरं पोट. वेगात असलेल्या मोटरबोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचललेली असते. सुकाणूवरच्या माणसाचा चेहरा मला दिसेना, म्हणजे त्यालाही मी दिसत नसणार, हे त्या क्षणी विलक्षण शांतपणे कळलं. हात वर करायचं मात्र सुचलं नाही. बोट ऐन वेळी जराशी वळली आणि वीसेक हातांवरून निघून गेली. मागच्या लाटेने नाकातोंडात पाणी गेलं. त्यानंतर मी जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कशीबशी किनाऱ्याला लागले आणि टॉवेल गुंडाळून, अनवाणी, तरातरा धक्क्यावर गेले. बोटवाला दोरी बांधत होता. मी तोंड उघडायच्या आत माझ्या कंबरेकडे बघून म्हणाला, "ताई, तो बोया तुमचा होता?"

त्याला वाटलं होतं, खेकड्यांच्या पिंजऱ्यावरचा बोया, म्हणजे खाली पिंजरा आहे हे दाखवणारा तरंगता गोळा. त्याची दोरी इंजिनाच्या पंख्यात अडकू नये म्हणून त्याने बोट वळवली. माझ्यासाठी नाही, पंख्यासाठी! मी त्याच्या हिशोबातच नव्हते.

भांडायची तयारी करून गेले होते. समुद्रात टक्कर टाळायच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत पाचवा नियमच आहे की डोळ्यांनी आणि कानांनी सतत नजर ठेवायची. तो तोंडावर फेकणार होते. पण त्याने नजर ठेवलीच होती. नारिंगी दिसलं, आणि नारिंगी गोळ्याचा जो अर्थ त्याला रोज लागतो तो त्याने लावला. हात हलत असते तर तो चकला नसता. मी निपचित पडलेली, डोक्यावर समुद्राच्या रंगाची टोपी, आणि फ्लोट माझ्या पायांशी. दादा म्हणाला, "मी दहा मिनिटं त्या पिशवीकडेच बघत होतो. तू तिच्या कुठल्या बाजूला आहेस ते मला पण कळत नव्हतं." हे त्याने आधी सांगायला काय हरकत होती?

बोटवाला म्हणाला, "या, बसा इथे." आम्हा दोघांना बोटीत घेऊन त्याने मला सुकाणूजवळ उभं केलं. वेग घेतला तशी नाळ वर आली आणि समोरच्या पाण्याचा मोठा तुकडा गायब झाला. सूर्याकडे तोंड केल्यावर तर नुसती चांदी, डोळे मिटावेसे वाटतात. वीस नॉट म्हणजे सेकंदाला दहा मीटर. तीनशे मीटरवर काही दिसलं तर ते ओळखायला, खात्री करायला आणि वळायला मिळून अर्धा मिनिट. "आणि आमच्याकडे निदान इंजिनाचा आवाज तरी असतो," तो म्हणाला. शिडाची बोट आवाज न करता येते, आणि एका बाजूचं पाणी तिच्या शिडाआड जातं. वल्हवणाऱ्याची तर पाठच पुढे असते!

लहानपणी आरती साहांची गोष्ट ऐकली होती. १९५९ मध्ये त्यांनी इंग्लिश खाडी पार केली. माझ्या डोळ्यांसमोर त्या त्या अफाट पाण्यात एकट्याच असायच्या. सोबत चालणारी बोट मी चित्रातून सोयीने पुसून टाकली होती. माझं सगळं एकटं पोहणं त्या पुसलेल्या चित्रावर उभं आहे की काय, असं सुकाणूपाशी उभं असताना वाटून गेलं.

मग त्याने माझी टोपी मागितली. पाच लिटरचा कॅन घेतला, थोडाच भाग वर राहील इतकं पाणी त्यात भरलं, झाकण लावलं, त्यावर टोपी चढवली आणि कॅन पाण्यात सोडला. शेजारी माझा फ्लोट, मोकळाच. बोट लांब नेऊन वळवली. "शोधा."

फ्लोट लगेच दिसला. वाऱ्याने तो केव्हाच कॅनपासून दूर गेला होता. आपल्याला दोन वस्तू शोधायच्या आहेत, त्यातली एक साधारण कुठे आहे, एवढं माहीत असलेली सहा डोळ्यांची तुकडी होती आमची. पाणी जवळजवळ सपाट होतं, म्हणजे वीतभर लाटा, पण वीतभर लाट नारळाएवढ्या वस्तूला पुरते. दादा दोनदा "तो बघ" म्हणाला. दोन्ही वेळा लाटेची सावली होती. मी एक पक्षी शोधला. बोटवाल्याने वेग कमी केला, मग आणखी कमी केला. आम्ही अगदी माणसाच्या चालीने, डोळे फाडून पुढे सरकत होतो.

बोटीच्या खालून टक् असा आवाज आला.

त्याने झटकन गिअर काढला. कोणी काही बोललं नाही. कॅन बोटीच्या कडेने हळूहळू घासत मागे आला, दादाने वाकून उचलला. टोपी तशीच बसलेली होती, केस न ओढणारी.