पायाच्या एक्स-रेत दिसणारी धमनी

पायाच्या साध्या एक्स-रेत रक्तवाहिनी दिसता कामा नये. हाडं दिसतात, मांसाची पुसट सावली दिसते, रक्तवाहिन्या त्या सावलीतच मिसळून जातात. तरी सदाशिव पेठेतल्या आमच्या सेंटरमध्ये अधूनमधून असा एक्स-रे निघतोच, ज्यात अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या हाडांमधल्या जागेतून दोन बारीक पांढऱ्या रेघा समांतर गेलेल्या असतात, रेल्वेच्या रुळांसारख्या. ती धमनी. तिच्या मधल्या थरात कॅल्शियम बसलेलं असतं. बहुतेक वेळा पेशंटची शुगर जुनी असते, नाहीतर किडनीचं दुखणं असतं. मॉन्केबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1903 मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय. अशा पायाचं घोट्यापाशी बीपी घेतलं तर ते खोटं जास्त येतं, कारण कडक झालेली धमनी पट्ट्याने दाबलीच जात नाही.

मध्यंतरी एक काका बोटाला लागलं म्हणून आले होते. हाड शाबूत होतं, पण या रेघा स्पष्ट होत्या. रिपोर्ट वाचून काकूंनी मला काउंटरवर गाठलं, "अगं, म्हणजे यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का?"

गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारायचं, हे मी त्यांना सांगितलं. पण हा प्रश्न इतके जण विचारतात की एकदा नीट लिहावंसं वाटलं. खाल्लेलं कॅल्शियम जाऊन भिंतीला चिकटलं, इतकं हे सरळ नाही. धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी आपलं काम सोडून हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. रक्तातलं फॉस्फेट वाढलं की त्यांना चालना मिळते. शिवाय कॅल्शियम-फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण प्रथिनांच्या वेष्टनात रक्तातून फिरत असतात. ते गोल, मऊ असतात तोवर ठीक. त्यांचे टोकदार स्फटिक झाले की पेशी बिघडतात. मॅग्नेशियम नेमकं इथे आडवं येतं. स्फटिक व्हायला ते वेळ लावतं, आणि पेशींना हाडाच्या वाटेला लावणारी जनुकंही दाबून धरतं. प्रयोगशाळेत हे वारंवार दिसलंय.

माणसांवरचे निष्कर्ष मात्र एका बाजूचे नाहीत. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या लोकांवरचा अभ्यास 2014 मध्ये आला; ज्यांच्या आहारात मॅग्नेशियम जास्त, त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम कमी आढळलं. जपानमध्ये 2019 साली किडनीच्या रुग्णांना मॅग्नेशियम ऑक्साइड दिलं, तेव्हा कॅल्शियम साचण्याचा वेग मंदावला. पण 2023 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या चाचणीत वर्षभर गोळ्या देऊनही फरक पडला नाही. म्हणून टिळक रोडवरच्या मेडिकलमधून परस्पर डबी उचलणाऱ्यांना मी अडवतेच. किडनी अधू असेल तर मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, रक्तात वाढत जातं आणि हृदयाचे ठोके मंदावण्यापर्यंत पाळी येते.

ताटातून मिळणाऱ्या मॅग्नेशियमबद्दल मात्र, किडनी चांगली असेल तर, मला अजिबात शंका नाही. 100 ग्रॅम बाजरीत साधारण सव्वाशे मिलीग्रॅम असतं, तिळात साडेतीनशेच्या आसपास, आणि मैद्यात जेमतेम पंचवीस-तीस. भोगीला तीळ लावून बाजरीची भाकरी घराघरांत होते, आणि संक्रांत सरली की पुन्हा सकाळचा टोस्ट-खारी सुरू. हे बघून जीव तुटतो. मंडईत बाजरी बारा महिने मिळते हो!

अंगात एकूण सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं, त्यातलं रक्तात एक टक्कासुद्धा नाही. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे साठा भरलेला आहेच, असं धरू नका. शुगर वाढलेली असेल तर लघवीवाटे ते जातं. अ‍ॅसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्याने उतरतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, 2011 मध्ये त्याबद्दल सावध केलं होतं. आपल्याकडे घरोघरी ती गोळी सकाळी चहाच्या आधी जाते, तीही कुणी बंद करायला न सांगितल्याने. ती घेत असाल तर पुढच्या तपासणीत मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी चाचणी) दोन्ही लिहून मागा. आणि डायलिसिसवर असलेल्यांनी पोट साफ व्हायला मिल्क ऑफ मॅग्नेशिया (त्यातही मॅग्नेशियमच असतं) घेण्याआधीसुद्धा आपल्या डॉक्टरांना फोन करावा.