भाच्याचं हरीण

माझा भाचा विस्कॉन्सिनला असतो. तिकडं थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीनं हरणं मारायचा हंगाम असतो, रीतसर लायसन काढून. यंदा मित्रांबरोबर गेला, पांढऱ्या शेपटीचा शिंगवाला नर पाडला आणि फोटो मला धाडले. "मामा, तू खानापुरात एवढ्या लग्नांचे फोटो काढतोस, बघ की जरा."

बघितलं. जीभ लोंबलेली, नाकाशी रक्त, मागं गाडीचं टायर, आणि साहेब हरणावर बुलेटवर बसल्यागत बसलेले.

आधी त्याच्या पाठीवरनं उतर म्हटलं. त्याच्या खांद्यामागं गुडघ्यावर बस. फोटो पोट फाडायच्या आधी काढायचा, आणि लगेच. काही तासांत अंग ताठरतं, मग पाय दुमडत नाहीत. पाय पोटाखाली घे, ओल्या फडक्यानं रक्त पूस, जीभ आत घालून जबडा मीट. बंदूक रिकामी, बोल्ट म्हणजे गोळी सरकवायचा दांडा उघडा, नळी कुणाच्या दिशेला नको.

खरी गंमत शिंगांची. उभ्यानं काढलास की शिंगं मागच्या फांद्यांत हरवतात. काढणाऱ्याला जमिनीवर पालथं पाड, शिंगांमागं मोकळं आभाळ येऊ दे. मोबाईल नाकाशी नेऊ नको, थुतरी भोपळ्याएवढी होते. चार पावलं मागं जाऊन दोन एक्स झूमवर काढ. काहीजण हरीण पुढं ढकलून आपण लांब मागं बसतात, म्हणजे ते थोराड दिसतं. बघणाऱ्याला लगेच कळतं.

बर्फ असला की कॅमेरा फसतो, सगळं राखाडी करतो. पांढऱ्या शालूतल्या नवरीलाही हेच होतं. कॅमेऱ्यात उजेड (एक्स्पोजर) एक-दीड स्टॉप वाढव. टोपीखाली तोंड काळं पडतं, म्हणून दिवसाही फ्लॅश मार. पण हरणाचं डोकं थोडं तिरकं ठेवून, नाहीतर डोळे हिरवे चमकतात. भडक केशरी नाहीतर भडक गुलाबी कपडे तिकडं सक्तीचे, तुझं केशरी जाकीट राहणारच. त्याची झाक हरणाच्या मानेवर पडते, तेवढी नंतर एडिटमध्ये कमी कर.

इथं मला असलं काम मिळायचं नाही, आणि नकोच. आमचा बेळगावकडचा तालुका, भीमगडच्या जंगलाचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मेलेल्या सांबराशेजारी बसून काढलेला फोटो म्हणजे फॉरेस्टवाल्यांना आयता पुरावा. जुन्या वाड्यांत मात्र शिकारीच्या तसबिरी अजून दिसतात, जनावरावर बूट ठेवलेल्या. त्या बुटाचा मला फार राग येतो. मारलंस, खाणार आहेस, ठीक. पाय कशाला ठेवायचा?

भाच्यानं दुसऱ्या दिवशी मित्राच्या हरणाचा फोटो धाडला. चांगला आलाय, शिंगं आभाळात स्वच्छ. लगेच फोन करून सांगितलं, घरच्या ग्रुपवर टाकू नकोस. ताई माळकरी आहे.