खोकल्याच्या गोळ्यावाला

सकाळी सव्वानऊला फाइल परत आली. वर एकच शेरा होता : "लिंडनरचा सीन पूर्ण पुन्हा. आधी फोन कर."

मी सबटायटल्स लिहिते. पुण्यात, घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून. त्या आठवड्यात एका फिल्म क्लबसाठी तीन जुने अमेरिकन चित्रपट हातात होते. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' देऊन झाला होता, 'अ रेझिन इन द सन' त्याच रात्री द्यायचा होता आणि 'द ऑड कपल' रांगेत होता. आमच्या फायली तपासणाऱ्या ताई सत्तरीच्या पुढच्या. आयुष्यभर रेडिओवर श्रुतिका केलेल्या, त्यामुळे त्या सबटायटल्स वाचत नाहीत, ऐकतात. असं त्याच म्हणतात. मला ते तोवर जरा आढ्यतेचंच वाटायचं.

फोन लावला.

"अगं, हा लिंडनर तू कुठून आणलास?"

"म्हणजे, ताई?"

"दात-ओठ खातोय तुझा माणूस. पडद्यावरचा खातोय का?"

प्रसंग सांगते. शिकागोच्या दक्षिण भागातलं यंगर नावाचं कृष्णवर्णीय कुटुंब आयुष्यभर भाड्याच्या खुराड्यात काढून क्लाइबोर्न पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतं. मग वस्तीच्या समितीतर्फे लिंडनर नावाचा गृहस्थ भेटायला येतो, घर तुम्ही घेऊ नये म्हणून. वर पैसे देऊ करतो, तुम्ही भरलेत त्यापेक्षा जास्त. मूळ नाटक लॉरेन हॅन्सबेरीचं, १९५९ साली ब्रॉडवेवर आलेलं. तिच्या वडिलांनीच शिकागोत गोऱ्यांच्या भागात घर घेतलं होतं आणि ते प्रकरण १९४० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच चिडून लिहिलं होतं. 'तुमच्या लोकांनी तुमच्यातच राहावं' असल्या ओळी, एकेरीला टेकलेला सूर.

ताई म्हणाल्या, "चित्र बंद कर, आवाज मोठा कर. नुसतं ऐक. मग लिही."

चित्र झाकलं आणि ऐकायला लागले. उंच, बारीक आवाज. थोडा घोगरा, थोडा कापरा, दर वाक्यामागे माफी मागितल्यासारखा. बसू का, वेळ आहे ना, गैरसमज नको. सगळी भांडणं माणसं एकमेकांशी बसून बोलत नाहीत म्हणून होतात, असंही तो सांगतो. तेवढ्यात शाळेला सुट्टी असलेली आमची लेक आतल्या खोलीतून आली आणि म्हणाली, "आई, तू पिग्लेट का लावलंयस? आणि तो घरात कुणाच्या शिरलाय?"

पिग्लेट म्हणजे कार्टूनमधल्या विनी द पू या अस्वलाचा तो गुलाबी, घाबरट मित्र. मी हसून सोडून दिलं. मग पुन्हा ऐकलं आणि हसू थांबलं. श्रेयनामावली काढली. लिंडनर : जॉन फीडलर. पिग्लेट : जॉन फीडलर. १९६८ पासून थेट २००५ पर्यंत.

खरी लाज पुढे होती. माझ्या आधीच्या फाइलीत, 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मध्ये, बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या मुलाचा निकाल ठरवणाऱ्या बारा ज्युरींना नावं नसल्यामुळे मी ओळखायला टोपणनावं दिली होती. दोन नंबरच्या ज्युरीपुढे लिहिलं होतं 'खोकल्याच्या गोळ्यावाला', कारण तो सगळ्यांना गोळ्या देत फिरतो. दुसऱ्या फाइलीत लिंडनरपुढे होतं 'समितीवाला'. दोन्ही फाइली मिळून पंधरा दिवस याच माणसाचे ओठ मी फ्रेम फ्रेम पुढे सरकवत पाहिले होते आणि तो एकच आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला मात्र आतल्या खोलीतून कळलं.

मग दुपार वाया घालवली. कामाच्या नावाखालीच. फीडलर विस्कॉन्सिनमधल्या प्लॅटव्हिल गावचा, १९२५ चा जन्म. दुसऱ्या महायुद्धात नौदलात. नंतर न्यूयॉर्कला नेबरहुड प्लेहाउसमध्ये शिक्षण, रेडिओ, टीव्ही, रंगभूमी. टक्कल, चष्मा, बुटकी चण आणि हा आवाज. एवढ्या भांडवलावर नायक होता येत नाही. आपल्याकडे 'चरित्र अभिनेता' म्हटलं की नायिकेचा बाप डोळ्यापुढे येतो. फीडलरला बापाच्या भूमिकाही फार आल्या नसाव्यात असं त्याच्याकडे बघून वाटतं. त्याच्या वाट्याला आले कारकून, वकील, पेशंट. 'ट्रू ग्रिट'मध्ये वकील डॅगेट, 'बॉब न्यूहार्ट शो'मध्ये मानसशास्त्रज्ञाकडे उपचाराला येणारा भित्रा मिस्टर पीटरसन. आणि डिसेंबर १९६७ मधला 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेचा एक भाग. त्यात तो एक सौम्य अधिकारी असतो, आणि शेवटी त्याच्या आत लंडनचा कुप्रसिद्ध खुनी जॅक द रिपर दडलेला निघतो. वर्षभरात तो पिग्लेट झाला. आवाज तोच.

ज्युरी नंबर दोनही पुन्हा पाहिला. सुरुवातीला त्याला मत विचारतात तेव्हा धड कारण सांगता येत नाही, मुलगा दोषी वाटतो एवढंच. बाकीचे त्याला मध्येच तोडतात. पण सुरी वरून खाली मारली गेली होती आणि पोरगा बापापेक्षा बराच ठेंगणा होता, हे कसं जुळतं, हा प्रश्न काढतो तोच. म्हणजे या आवाजाला कधी बावळट समजायचं नाही. कधी तो खोलीतला सर्वांत प्रामाणिक माणूस असतो आणि कधी सर्वांत घातक. दोन्ही वेळा तो तितकाच नम्र असतो.

संध्याकाळी लिंडनरकडे परतले. आणि आठवलं की मला हा आवाज मराठीत माहीत आहे.

लग्नानंतर आम्ही भाड्याचा फ्लॅट शोधत होतो. एका सोसायटीत सगळं ठरलं, चावी तेवढी घ्यायची राहिली होती. सेक्रेटरी काकांनी चहा मागवला. नवऱ्याचं आडनाव विचारलं, पुन्हा एकदा विचारलं, आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आमचं काहीच नाही हो. तुम्हालाच इथे अवघडल्यासारखं होईल." जिन्यापर्यंत सोडायला आले. नवरा खाली येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी वर बघत होते, काका गॅलरीत उभे राहून हात हलवत होते.

लिंडनरला मी ते काकांचं मराठी दिलं. 'तू' सगळे गेले, 'आपण' आले. 'घर घेऊ नका' हे वाक्यच उडवलं, कारण तो ते तसं म्हणतच नाही. जिथे तो कृष्णवर्णीय कुटुंबं आपापल्या वस्तीतच सुखी असतात असं सांगतो, तिथे 'सुख' हा शब्द ठेवला आणि ओळीच्या शेवटी टाकला, म्हणजे वाचणाऱ्याची नजर तिथे थांबेल. इंग्रजीत तो त्यांना तोंडावर 'यू पीपल' म्हणतो. आधी मी तिथे रंग घुसवला होता. आता नुसतं 'तुम्ही लोक' लिहिलं. इतकं सहज मराठी आहे ते की त्यात काही चुकीचं आहे हे कळायला एक सेकंद लागतो. तो सेकंद मला हवा होता. सबटायटलच्या ४२ अक्षरांच्या ओळीत तो बसलाही.

फीडलरने हा लिंडनर १९५९ मध्ये रंगमंचावर केला, १९६१ मध्ये सिडनी पॉइटियरसमोर चित्रपटात केला आणि १९८९ मध्ये डॅनी ग्लोव्हरसमोर टीव्हीवर पुन्हा केला. तीस वर्षं एकाच दाराशी टोपी हातात धरून उभा. २५ जून २००५ ला तो गेला. आदल्याच दिवशी पूच्या दुसऱ्या मित्राचा, टिगरचा, मूळ आवाज, पॉल विंचेल, गेला होता. हे लेकीला सांगायचं का, हे अजून ठरलेलं नाही.

रात्री साडेदहाला फाइल पाठवली. ताईंचं उत्तर आलं : "आता माणूस वाटतो. अंगावर येतो. झोप."

झोप कसली. 'ऑड कपल' उघडला. थोडं पुढे जाताच पत्त्यांचा डाव, धूर, आरडाओरड, आणि त्यात विनी नावाचा एकजण सारखं घड्याळ बघत, बाराला निघायचंय म्हणून सांगतोय. कॅरेक्टर शीटमध्ये टोपणनाव लिहायला गेले आणि थांबले. 'विनी (जॉन फीडलर)' असं लिहिलं, चित्र झाकलं आणि आवाज मोठा केला.