गच्चीवरचा वाटाणा : दुसऱ्या हंगामाची मोजणी

मोजून झालं एकदाचं. २१२ दाणे : १५५ गोल, ५७ सुरकुतलेले. म्हणजे एका सुरकुतलेल्यामागे २.७२ गोल.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं. गेल्या हिवाळ्यात किराणा दुकानातला पांढरा वाटाणा (उसळीचा, गोल) आणि अर्केल (वाटाण्याचंच एक वाण, बी सुरकुतलेलं) यांचा क्रॉस केला. अर्केल लवकर फुलतो, म्हणून तो पंधरा दिवस मागून पेरला. वाटाण्याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत स्वतःचे पराग सांडून मोकळं होतं. त्यामुळे अर्केलची कळी हिरवट असतानाच उघडायची, दहाच्या दहा पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्याचे पराग टेकवायचे. अकरा कळ्यांतल्या आठ गळाल्या. उरलेल्या तीन शेंगांत नऊ दाणे. आई अर्केल, पण सुरकुती एकावरही नाही!

सुरकुती परत येते का ते पाहायला यंदा ते नऊ पेरले. एक उंदराने उकरला, एक भुरीने गेला, सात झाडं राहिली. उतावळेपणाने चार शेंगा हिरव्याच सोलल्या, तर सगळे दाणे टुमटुमीत. वाटलं, फसलं, खाऊन टाकले. चूक माझीच. सुरकुत्या पडणाऱ्या दाण्यात साखर जास्त, स्टार्च कमी. तो पाणी जास्त धरतो आणि वाळताना आक्रसतो. शेंग झाडावर खडखडीत वाळेपर्यंत काही कळत नाही.

एका शेंगेत सहाच्या सहा गोल, शेजारच्या शेंगेत सहातले चार सुरकुतलेले. एवढ्यावरून कुणाला काय कळणार? इंग्लंडमध्ये जॉन गॉसने १८२०च्या दशकातच एका शेंगेत दोन रंगांचे दाणे पाहिले होते, पण मोजले नाहीत. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने ब्रनोच्या मठात २५३ झाडांचे ७,३२४ दाणे मोजले : ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले, एकास २.९६, म्हणजे जवळपास एकास तीन. मला २१२ मोजतानाच दोनदा चुकायला झालं.

पुढच्या नोव्हेंबरात गोलांपैकी २४ पेरणार. मेंडेलने असे ५६५ लावले, तेव्हा १९३ झाडांना निव्वळ गोल दाणे आले, ३७२ झाडांना मिसळ. त्या हिशेबाने माझी आठेक झाडं निव्वळ गोल निघावीत. ग्रो बॅग मात्र चौदाच आहेत; उरलेले दहा दाणे कुणी लावणार असेल तर सांगा. अट एकच, हिरव्या शेंगा खायच्या नाहीत.