वाढत्या कॅमेलियनचं खाणं: वय वाढेल तसा हात आखडता घ्या

खाण्यापायी पाळीव कॅमेलियन (रंग बदलणारे सरडे) दोन टप्प्यांवर आजारी पडतात. पहिल्या सहा महिन्यांत त्यांना कॅल्शियम कमी पडतं आणि नऊ-दहा महिन्यांनंतर किडे जास्त होतात. दुसऱ्या त्रासामागे बहुतेक वेळा कारण एकच असतं: पिल्लू आणलं तेव्हा ठरवलेलं वेळापत्रक वर्षभर तसंच चालू राहतं. इथले आकडे व्हेल्ड आणि पँथर या दोन जातींचे आहेत. जॅक्सन कॅमेलियन थंड डोंगराळ भागातला. त्याला किडेही कमी लागतात आणि कॅल्शियम-जीवनसत्त्वांची पूडही, म्हणून हे आकडे त्याला लावू नका.

तीन महिन्यांपर्यंतच्या पिल्लाच्या खाण्यावर मर्यादा घालायची नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा, पंधरा-वीस मिनिटांत खाईल तेवढं द्यायचं. दिवसाला दहा ते वीस बारीक रातकिडे सहज जातात. अगदी लहान पिल्लांना न उडणाऱ्या फळमाश्या उत्तम. तीन ते सहा महिने: दिवसातून एकदा, आठ ते बारा किडे. सहा ते नऊ महिने: रोज सहा ते आठ. नवव्या महिन्यापासून एक दिवसाआड पाच-सहा, आणि वर्ष उलटल्यावर नराला एक दिवसाआड तीन ते पाच. एवढ्यावर त्याचं नीट भागतं. तो जाळीपाशी येऊन तुमच्याकडे टक लावून बघेल, पण ते भुकेचं लक्षण मानू नका. जंगलात पुढचा किडा कधी मिळेल याची खात्री नसते, म्हणून समोर आलं की खायचं हा त्याचा स्वभावच आहे.

किड्याचा आकार डोळ्यांनीच मापायचा: कॅमेलियनच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, किडा त्याहून रुंद नको. मोठा किडा जिभेला पेलत नाही किंवा घशात अडकतो.

खाणं सकाळीच द्या, पिंजऱ्यातला ऊब देणारा दिवा लागून तासभर झाल्यावर. शरीर तापल्याशिवाय त्याला पचत नाही. पिल्लांसाठी दिव्याखालच्या फांदीवर २७ ते २९ अंश सेल्सिअस पुरेसं असतं. संध्याकाळी उशिरा दिलेलं खाणं रात्रीच्या गारव्यात पोटात तसंच पडून राहतं. उरलेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात ठेवू नका. झोपलेल्या कॅमेलियनला ते चावतात, डोळ्यांजवळही. गुळगुळीत आतल्या बाजूचा खोल डबा फांदीला टांगून त्यातून खायची सवय लावली तर किडे पळत नाहीत आणि किती खाल्ले तेही कळतं.

आता किडे कोणते. रातकिडे आणि डुबिया झुरळं हे रोजचं खाणं. त्यांच्या जोडीला रेशीम अळ्या, हॉर्नवर्म (एक जाडसर अळी), नाकतोडे, माश्या आलटून पालटून द्या. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीत मुळातच कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून वाढत्या पिल्लासाठी ती फार उपयोगी. हॉर्नवर्म बहुतांशी पाणीच असतो. अंगात पाणी कमी पडलेल्या कॅमेलियनला चांगला, पण त्यावर वाढ होत नाही. वॅक्सवर्म आणि सुपरवर्म या अळ्या चरबीच्या, त्या क्वचितच. बाहेर पकडलेल्या किड्यांच्या अंगावर फवारणीचं औषध असू शकतं. काजवा तर चुकूनही नको, तो सरड्यांना विषारी असतो.

किड्याच्या जातीपेक्षा त्या किड्यानं काय खाल्लंय याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं कवच. कॅमेलियनला द्यायच्या आधी किमान चोवीस तास, जमल्यास दोन दिवस, किड्यांना मोहरीची किंवा डँडेलियनची पानं, गाजर, रताळं, भोपळा, संत्र्याची फोड असं खाऊ घाला. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. किड्यांच्या डब्यात उघडी पाण्याची वाटी ठेवली तर ते बुडून मरतात. ओलाव्यासाठी भाजीच्या फोडी पुरतात. फोडी रोज बदला, बुरशी आली की सगळा डबा जातो.

एवढं करूनही बहुतेक किड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. कॅमेलियनला मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट लागतं. हा फरक पुडीनं भरून काढायचा. डी३ जीवनसत्त्व नसलेली साधी कॅल्शियमची पूड वाढत्या पिल्लाच्या प्रत्येक खाण्याला लावा. कपात किडे घ्यायचे, चिमूटभर पूड टाकायची, कप हलक्या हातानं फिरवायचा. किडा धुरकट दिसला की पुरे, पांढराफटक झाला तर पूड जास्त झाली आणि पिल्लू तोंड फिरवतं. किडे स्वतःचं अंग साफ करतात, त्यामुळे पूड लावल्यावर लगेच द्यायचे.

डी३ असलेलं कॅल्शियम महिन्यातून दोनदा, मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदा, वेगवेगळ्या आठवड्यांत. मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यावरचा मजकूर नीट वाचा: त्यातच डी३ असेल तर वेगळं डी३ देऊ नका. त्यात जीवनसत्त्व अ रेटिनॉलच्या रूपात असलेलं बरं, कारण बीटा कॅरोटिन हा अ जीवनसत्त्वाचा नुसता कच्चा माल, आणि तेवढ्यावर कॅमेलियनची गरज भागेल याचा भरवसा नाही. ते कमी पडलं की डोळे सुजतात, मिटलेले राहतात. उलट डी३ किंवा अ जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला तर गळ्याभोवती पाणी धरून सूज येते. रोज मल्टिव्हिटॅमिन देणं हे प्रेमापोटी केलेलं नुकसानच.

यूव्हीबी (अतिनील किरणं देणाऱ्या) दिव्याशिवाय ही पूड बरीचशी फुकट जाते. या किरणांमुळे शरीरात डी३ तयार होतं, आणि ते पुरेसं नसेल तर कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही. लांब टी५ ट्यूब (बारीक ट्यूबलाइटचा प्रकार) हवी, आणि वर्षभरात ती बदलायची. उजेड दिसत राहतो पण यूव्हीबी केव्हाच घटलेलं असतं. यात कसूर झाली की हाडं मऊ पडतात: चढताना पाय वाकतात, कोपरं बाहेर येतात, फांदीऐवजी पिल्लू स्वतःचाच पाय पकडतं, जबडा रबरासारखा दबतो. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही, म्हणून पहिली शंका आली त्याच दिवशी सरपटणारे प्राणी जाणणाऱ्या डॉक्टरकडे न्या.

व्हेल्ड मादीबद्दल सगळ्यात कळकळीनं सांगायचंय. ती सहा महिन्यांच्या आसपास वयात येते आणि नर नसतानाही अंडी घालते. जितकं जास्त खाणं आणि जितकी जास्त ऊब, तितकी अंडी जास्त. एका खेपेला साठ-सत्तरही होतात. त्यात तिचं कॅल्शियम संपतं, अंडी आत अडकतात आणि जीव जातो. म्हणून वाढ मंदावली की तिला आठवड्यातून तीनच दिवस, दोन-तीन किडे, आणि दिव्याखाली २७ अंशांहून जास्त तापमान नको. हे एकदम न करता महिनाभरात हळूहळू कमी करत न्या. शिवाय अंडी घालायला फूटभर खोल ओलसर वाळूचा डबा पिंजऱ्यात कायम ठेवा.

पाणी वाटीतून कॅमेलियन क्वचितच पितो. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन मिनिटं पानांवर फवारा मारा, दिवसा ठिबक लावा. विष्ठेसोबत पडणारा घट्ट लघवीचा भाग पांढरा हवा. बराचसा नारिंगी दिसला तर पाणी कमी पडतंय. कमी पाण्यावर भरपूर किडे खाल्ले की मूत्रपिंडावर ताण येऊन गाउट (शरीरात युरिक आम्ल साचण्याचा आजार) होतो.

आठवड्यातून एकदा ग्रॅमच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. पिल्लाचं वजन सतत वाढायला हवं. मोठ्याचं स्थिर असावं. व्हेल्डच्या डोक्यावरच्या तुऱ्याच्या बाजू फुगल्या तर एक खाणं कमी करा. कात टाकताना एक-दोन दिवस न खाणं साहजिक आहे, एकाच किड्याचा कंटाळा आला की दुसरा किडा दिल्यावर खायला लागतो. वाढतं पिल्लू मात्र दोन दिवसांहून जास्त उपाशी राहिलं, किंवा नेम धरूनही जीभ पुरती बाहेर टाकत नसेल, तर किडा बदलत बसू नका, डॉक्टर गाठा.