"मला माहीतच नव्हतं ओ" म्हणून सुटता येतं का?

म्हणजे कायदा किंवा नियम माहीत नव्हता हे कारण चालतं का? थोडक्यात उत्तर, नाही. पण या "नाही"ला बऱ्याच फटी आहेत, आणि मी टॅक्सच्या कामात असल्यामुळे हे रोज कुणाला तरी समजावून सांगावं लागतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

आपल्याकडे सोलापुरात चादर, टॉवेल, नाइटी घरातून विकणाऱ्या बायका किती आहेत ते तुम्हाला माहितीय. कुणीतरी सांगतं की अक्का ऑनलाइन विकायचं तर जीएसटी नंबर काढ, मग नंबर निघतो, धंदा काही चालत नाही, आणि अक्का विसरून जाते. विक्रीच नाही तर रिटर्न, म्हणजे विक्रीचा हिशेब सरकारकडं भरायचा तो, कसलं, असं तिला वाटतं, आणि कुणालाही तसंच वाटेल. पण निल, म्हणजे शून्य विक्रीचं रिटर्नसुद्धा भरावंच लागतं, नाही भरलं तर दिवसाला २० रुपये लेट फी, एका रिटर्नला जास्तीत जास्त ५००, म्हणजे दर महिन्याचं रिटर्न असेल तर वर्षाला ६०००. एक रुपयाची विक्री नसताना. आणि ही फी पोर्टल आपोआप लावतं, तिथं माहीत नव्हतं म्हणून सांगायला समोर माणूसच नसतो. नोटीस येते ती इंग्रजीत, घरात बोलतात तेलुगू. मला हे बघून दरवेळी राग येतो, अक्काचा नाही, या पद्धतीचा.

आता फरक समजून घ्या. स्टेशनवर तुम्ही आपली समजून दुसऱ्याची सेम टू सेम बॅग उचलली, तर ती चोरी नाही, कारण तुमची चूक वस्तुस्थितीबद्दल होती. पण बॅग दुसऱ्याची आहे हे माहीत असताना "सापडलेली वस्तू ज्याला सापडली त्याची" असा कायदा आहे समजून, मालकाचा शोध न घेता घरी ठेवून घेतली तर ती कायद्याबद्दलची चूक, आणि तिला माफी नाही. जुन्या आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत, हे कलम ७६ आणि ७९ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १४ आणि १७ झालंय, मुद्दा तोच.

हे किती कडक आहे बघा. २८ नोव्हेंबर १९६२ ला मेयर हान्स जॉर्ज नावाचा जर्मन माणूस झुरिकहून मनिलाला जाताना त्याचं विमान मुंबईत थांबलं, तो खाली उतरलासुद्धा नाही, पण अंगावरच्या जाकिटात ३४ किलो सोनं होतं. त्याआधी असं सोनं नुसतं इथून पुढं न्यायला सूट होती, पण रिझर्व्ह बँकेनं नियम बदलला की विमानाच्या मालाच्या यादीत ते दाखवलंच पाहिजे, आणि तो बदल गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, आला २४ नोव्हेंबरला. म्हणजे फक्त ४ दिवस आधी! मुंबई हायकोर्टानं त्याला सोडलं, सुप्रीम कोर्टानं बहुमतानं परत दोषी धरलं, आपल्या देशात गॅझेटमध्ये छापलं म्हणजे पुरेसं झालं म्हणून. न्यायमूर्ती सुब्बा राव मात्र वेगळं मत देऊन गेले. आणि बहुमतानंही शिक्षा भोगली तेवढीच पुरे केली, म्हणजे अज्ञानानं गुन्हा पुसला नाही तरी परिस्थिती शिक्षेच्या वेळी बघितली गेली.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १९५१ ची हरला नावाच्या माणसाची केस. जयपूर संस्थानात १९२३ मध्ये अफूचा कायदा मंत्रिमंडळानं ठराव करून टाकला आणि कुठं छापलाच नाही, कुणाला सांगितलाच नाही. हरलाला त्याच कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि न्यायमूर्ती विवियन बोस यांनी दंड रद्द केला, कारण जो कायदा लोकांपर्यंत पोचायची काही सोयच केली नाही तो त्यांच्यावर लादणं नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. ५० रुपयांसाठी एवढ्या वर कोर्टात जाणाऱ्या त्या माणसाला माझा सलाम आहे.

माझं म्हणणं असंय की नियम राहू द्या, नाहीतर उद्या प्रत्येक जण माहीत नव्हतं म्हणेल आणि मुद्दाम डोळे मिटून बसणाऱ्याचंच भलं होईल. पण हरलाचं तत्त्व गॅझेटवर येऊन थांबू नये. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या या गावात इंग्रजी पीडीएफ वेबसाइटवर टाकून लोकांना सांगितलं म्हणणं मला पटत नाही. नंबर देतानाच एक साधा मेसेज माणसाच्या भाषेत पाठवा की विक्री नसली तरी रिटर्न भर, नको असेल तर नंबर रद्द कर, एवढ्यानं कितीतरी घरांचे पैसे वाचतील.

आणि ज्यांच्या हातात आत्ता नोटीस आहे त्यांच्यासाठी. लेट फी आणि दंड एक नाही. लेट फी आपोआप लागते, पण दंड लावायचा की नाही हे जिथं अधिकाऱ्याच्या हातात असतं तिथं प्रामाणिक गैरसमज सांगता येतो, हिंदुस्थान स्टील या कंपनीच्या केसच्या १९६९ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं तेच म्हटलंय, कायद्यात दंडाची सोय आहे म्हणून तो लावलाच पाहिजे असं नाही. त्यामुळं नुसतं तोंडी रडू नका, लेखी उत्तर द्या, नंबर कधी काढला, विक्री किती झाली, बँकेचं पासबुक, सगळं जोडा. कोर्टाचं प्रकरण असेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना उत्पन्न कितीही असो वकील फुकट मिळतो, विडी आणि यंत्रमाग कामगारांनीही विचारावं, फोन १५१००. आणि नोटीस आली की आधी उत्तराची शेवटची तारीख बघा, ती गेल्यावर लोक येतात आणि मग माझ्याही हातात फार काही राहत नाही.