संक्रांत कोपीत केली, हजेरी गावात लागली

एप्रिल २०२३. बालाघाटाच्या रांगेतलं बीड जिल्ह्यातलं आमचं गाव, आणि तिथल्या ग्रामपंचायतीत मी संगणक परिचालक. पट्टा पडून, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपून, ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच परतल्या होत्या. वस्तीवरच्या एक काकू रोजगार हमीचं काम मागायला, म्हणजे कामाच्या मागणीचा नमुना ४ भरायला आल्या. रोजगार हमीच्या वेबसाइटवर जॉबकार्डचा नंबर टाकला, तर त्यांच्या नावावर जानेवारीत चोवीस दिवस काम झालेलं. पाणंद रस्त्याचं मातीकाम, सहा-सहा दिवसांची चार हजेरीपत्रकं, रोज २५६ रुपये, एकूण ६,१४४. रक्कम जमा.

"काकू, संक्रांतीला गावात होतात का?"

"न्हाई बापू. दसरा झाला की गेलो आमी. संक्रांत कोपीतच केली."

कोपी म्हणजे ऊसतोडीच्या फडाजवळची तात्पुरती झोपडी. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पान इंग्रजीत, म्हणून आकडे वाचून दाखवले. त्या काही न बोलता घरी गेल्या आणि नवऱ्याची खेपांची वही घेऊन आल्या. तारखेनिशी खेपा, टन, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. ज्या आठवड्यात आमच्या पाणंदीवर त्यांची हजेरी होती, त्याच आठवड्यात वहीत सहा खेपा होत्या. तीनशे किलोमीटरवर.

त्या वर्षी १ जानेवारीपासून सार्वजनिक कामांवर मोबाइलवरून दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली होती. ते फोटोही सगळ्यांना बघता येत होते. उघडले. नाकापर्यंत पदर ओढलेल्या बायकांची रांग. काकू बराच वेळ बघत राहिल्या.

"ही मी न्हाई. कोण हाय ते वळखलं मी, पर सांगायची न्हाई. तिची बी गरज आसंल." मग बोट ठेवून म्हणाल्या, "सकाळचा फोटू आन् दुपारचा फोटू. सावली एकाच अंगाला कशी पडली?"

मी ते फोटो त्याआधी कधी उघडलेच नव्हते. रात्री झोप लागली नाही. चार महिने ती नोंद जगाला दिसत होती. लपवलेलं काहीच नव्हतं. ज्यांच्या नावावर पैसे निघाले ते फडात होते, आणि गावात ज्याच्यासमोर दिवसभर संगणक चालू असतो, तो मी. मी दाखले काढत बसलो होतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सगळ्यांना माहीत असतं ते कार्यालयानं आपणहून माहिती जाहीर करण्यासाठी. पण त्याच्याच चौथ्या पोटकलमात लिहिलंय की ती स्थानिक भाषेत, त्या भागात पोचेल अशा रीतीनं द्यायची. इंटरनेट त्यात आहेच, नोटीस बोर्ड आणि जाहीर घोषणाही आहे. म्हणजे दवंडी. २००५ च्या कायद्यात दवंडी बसते, आणि आम्ही ती पाण्याच्या टँकरसाठी तेवढी देत होतो.

१ मेची ग्रामसभा जवळ आली होती. हजेरीपत्रकं ग्रामसभेपुढे ठेवून सामाजिक अंकेक्षण करायचं, म्हणजे गावानंच कामं तपासायची, असं तेव्हाच्या रोजगार हमीच्या कायद्याचं कलम १७ सांगत होतं. मी चारही पत्रकं छापली. आदल्या दिवशी मला तीन फोन आले. शेवटच्या फोनवर माझ्या नोकरीचा विषय निघाला. बायको म्हणाली, वाचणार असशील तर सगळी नावं वाच, एकाच काकूचं नको, नाहीतर सगळं तिच्यावर येईल.

सगळी वाचली. आरोप एकही केला नाही; नाव, तारखा, दिवस, रक्कम, एवढंच. तिसऱ्या नावाला मागून आवाज आला, "तो तर आमच्या टोळीत होता." सहाव्या नावाला एक म्हातारी उठली, ते नाव तिच्या सुनेचं होतं, आणि सून त्या महिन्यात बाळंत झाली होती. त्यानंतर मंडपात कुणी बोलेना. मी पुढचं नाव वाचलं. काम न करता हजेरी लागलेले शेवटी नऊ जण निघाले.

ठराव झाला, तक्रार तालुक्याला गेली. सात दिवसांत चौकशी व्हायला हवी होती; पथक पावसाळ्यात आलं. वसुलीची नोटीस निघाली.

दसरा झाला, ट्रॅक्टर भरले, वसुलीचे पैसे तोवर आले नव्हते. निघायच्या सकाळी त्या कार्यालयात आल्या, जॉबकार्डची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "बापू, आमी न्हाईत तवर दर आठ दिसाला उघडून बघ. काई दिसलं तर फोन कर. फडात रेंज संध्याकाळचीच आसती."